साध्या, मायेच्या शब्दांनी घरात खरोखर काही बदलते का?

मुलुंडहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या लग्नाला १४ वर्षे झाली आहेत. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, मुलगी सहावीत आहे आणि सासूबाई सोबत राहतात. घरात मारझोड नाही, व्यसन नाही, मोठी भांडणेही नाहीत. मात्र बोलणे कामापुरते उरले आहे. दूध आणले का, शाळेची फी भरली का, सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक दिला का, एवढ्यावर दिवस संपतो. कुठेतरी वाचून त्यांनी नवऱ्याला लहानसहान गोष्टींबद्दल ‘थँक्यू’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तो म्हणाला, “हे काय नवीन नाटक?” त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला. चांगल्या शब्दांनी नात्यात खरोखर फरक पडतो की हे सगळे वाचायलाच बरे वाटते, असे त्या विचारतात.

ताई, फरक पडतो. मुंबईत कुटुंब समुपदेशनाचे काम करताना मी तो पुन्हा पुन्हा पाहिला आहे आणि त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु तो कशामुळे पडतो हे नीट उमगले नाही, तर तुम्हाला आला तसाच अनुभव येतो: शब्द तोंडातून जातो, ऐकणाऱ्याला तो परका वाटतो आणि बोलणाराच ओशाळून माघार घेतो. घरातल्या माणसाला शब्दाचा गोडवा फारसा लागत नाही. आपण जे करतो ते कोणाच्या तरी नजरेत आहे, याची खूण त्याला हवी असते आणि ती खूण शब्दांतून मिळाली की तो सैलावतो. नुसत्या ‘थँक्यू’त ही खूण नसते, कारण तो शब्द आपण दुकानदाराला, लिफ्टमनला, फोनवरच्या अनोळखी माणसालाही म्हणतो. “तू पहाटे उठून पाणी भरतोस, म्हणून माझा डबा वेळेत होतो आणि ७:१२ची गाडी मिळते,” हे वाक्य मात्र तुम्ही जगात एकाच माणसाला म्हणू शकता. तुमच्या पतींना जे नाटक वाटले, त्याचे कारण माझ्या मते इथे आहे. त्यांना शब्द मिळाला, पण तो कशासाठी आला हे कळले नाही.

आता मुळात घरातूनच चांगले शब्द का आटतात, याचा थोडा विचार करू. आपले मन जे बिघडले आहे त्याकडे आधी वळते आणि जे सुरळीत चालू आहे ते त्याला दिसेनासे होते. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली आधीच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन हेच मांडले की वाईट अनुभवाचा ठसा चांगल्या अनुभवापेक्षा अधिक खोल उमटतो, आणि जवळच्या नात्यांनाही हे लागू आहे. घरात याचा अर्थ सरळ आहे. आमटी रोज नीट होते तेव्हा कोणी काही बोलत नाही आणि एक दिवस मीठ जास्त पडले की सगळे बोलतात. नवरा दर महिन्याला न चुकता गृहकर्जाचा हप्ता भरतो तेव्हा त्याचा उल्लेख होत नाही, पण एकदा गॅस सिलिंडरचे बुकिंग विसरला की ‘तुझं घरात लक्षच नसतं’ असे ऐकावे लागते. कोणीही दुष्टपणाने वागत नाही, तरी वर्षानुवर्षे दोघांच्याही कानावर फक्त चुकांचीच नोंद पडत राहते. चौदा वर्षांनी दोघेही एकाच निष्कर्षाला येतात की इथे कामापुरते बोललेले बरे.

यात मुंबईची आपली एक भर आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. दीड-दोन तासांचा प्रवास करून, धक्के खात, घामाने भिजून माणूस दाराशी येतो, तेव्हा त्याच्याकडे सभ्यतेचा साठा संपलेला असतो. दिवसभर तो साठा आपण बाहेर खर्च करतो. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट हवी असेल, तर आपण अनोळखी बाईला “ताई, जरा सरकून घेता का?” असे किती मऊ विचारतो, आणि तीही अंग चोरून जागा देते. ऑफिसात साहेबांना, बँकेत ग्राहकांना, फोनवर क्लायंटला आपण शब्द तोलून बोलतो. घरी आल्यावर मात्र ‘इथे तरी तोलून बोलावे लागू नये’ ही अपेक्षा असते. अपेक्षा रास्तच आहे, पण तिचा परिणाम असा होतो की दिवसातला सर्वांत तुटक आवाज घरातल्या माणसांच्याच वाट्याला येतो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांबरोबर मी अनेकदा दारातल्या पहिल्या वाक्यापासून काम सुरू करते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण सांगते. पत्नी फोर्टमधल्या एका कार्यालयात नोकरीला होती आणि पतीचे काम घराजवळ असल्याने तो आधी घरी पोहोचत असे. ती स्टेशनवर उतरून, भाजी घेऊन, चालत घरी यायची आणि बेल वाजवायची. दार उघडताना त्याचे वाक्य ठरलेले असे: “आज पण उशीर?” आणि तिचे उत्तरही ठरलेले असे: “रेल्वे काय माझ्या बापाची आहे?” एवढ्यावर संध्याकाळ संपायची. पुढे जेवण, मुलाचा अभ्यास, टीव्ही सगळे व्हायचे, पण दोघे एकमेकांशी बोलत नसत. मी त्याला विचारले की दार उघडण्याआधीची पाच मिनिटे तो काय करत असतो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला की साडेसात वाजून गेले की तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्याकडे बघत असतो. चहाचे आधण ठेवलेले असते, ते उकळून आटते, मग तो पुन्हा पाणी घालतो. ती शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिला हे ठाऊकच नव्हते. त्याची काळजी खरी होती, पण दार उघडल्यावर ती जाब विचारल्यासारखी बाहेर पडत होती.

आम्ही तिथे एवढेच ठरवले की दारातले पहिले वाक्य हिशेब मागणारे नसेल. “आलीस? बस जरा, चहा टाकलाय,” हे त्याने स्वतः निवडलेले वाक्य होते. पहिल्या दहा मिनिटांत मुलाचा अभ्यास, बिले, उद्याचा डबा यांपैकी काहीही काढायचे नाही, हे तिने कबूल केले. काही आठवड्यांनी ती आपण होऊन कुर्ल्याहून फोन करू लागली की गाडी अडकली आहे, वाट बघू नकोस. पैशांबाबतचे त्यांचे मतभेद तसेच होते आणि त्यांवर पुढे वेगळे काम करावे लागले. मात्र ते काम करण्याइतकी दोघांची एकमेकांकडे तोंडे वळली, ती या एका वाक्यामुळे.

याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या संभाषणांचा अनेक वर्षे अभ्यास केला. नवविवाहित जोडप्यांना एका सदनिकेसारख्या प्रयोगशाळेत दिवसभर राहायला सांगून त्यांनी एक बारीक गोष्ट टिपली: एकाने सहज काही म्हटले, म्हणजे ‘बघ बाहेर काय पाऊस लागलाय’ अशा प्रकारचे, तर दुसरा त्याला प्रतिसाद देतो का. सहा वर्षांनंतर जी जोडपी एकत्र होती, त्यांनी अशा हाकांना सुमारे ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता. जी विभक्त झाली होती, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. हे परदेशातल्या जोडप्यांवरचे निष्कर्ष आहेत आणि ते आपल्या घरांना जसेच्या तसे लावू नयेत, कारण आपल्याकडे नाते दोघांपुरते नसते. त्यात सासूबाई असतात, नणंद असते, गावचे घर असते. तरीही त्यातला गाभा माझ्या रोजच्या कामाशी जुळतो. लोक ज्याला प्रेम आटणे म्हणतात, ते बहुधा अशा हजारो लहान हाका अनुत्तरित राहिल्याने झालेले असते. नवरा मोबाइलवरून मान वर न करता ‘हं’ म्हणतो, बायको ‘मला आत्ता वेळ नाही’ म्हणते, आणि काही वर्षांनी हाका मारणेच बंद होते. तुमच्या घरात भांडणे नाहीत, असे तुम्ही समाधानाने लिहिले आहे. मी मात्र तेवढ्यावरून निश्चिंत होणार नाही, कारण हाकाच बंद झाल्या की भांडण व्हायलाही काही उरत नाही.

दुसरी एक जागा आहे, जिथे आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत शब्द सर्वांत जास्त चुकतात, आणि ती म्हणजे आनंदाची बातमी. दुःखात आपली माणसे धावून येतात, त्याबद्दल कोणाला नावे ठेवता येणार नाहीत. पण मुलगा सांगत येतो, “बाबा, सीएचा पहिला ग्रुप सुटला,” आणि वडील म्हणतात, “बरं झालं. दुसऱ्याची तयारी कधी सुरू करतोयस?” बायको सांगते, “इन्क्रिमेंट झालं,” आणि नवरा विचारतो, “किती? एवढंच?” यात कोणी शत्रुत्व करत नाही, पुढची काळजी करणे हाच आपल्याकडे मायेचा मार्ग समजला जातो. परंतु मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसले की जोडीदाराने चांगल्या बातमीला उत्साहाने, आणखी विचारपूस करून दिलेला प्रतिसाद नात्यातल्या समाधानाशी निगडित असतो. थंडपणे ‘छान’ म्हणणे किंवा लगेच त्यातली खोट काढणे यांचा परिणाम उलटा दिसतो. म्हणून मी पालकांना आणि जोडप्यांना सांगते की बातमी आली की आधी तिच्याविषयीच एक प्रश्न विचारा. “कळलं तेव्हा तू कुठे होतास? सगळ्यांत आधी कोणाला सांगितलंस?” दुसऱ्या ग्रुपची चौकशी उद्या केली तरी काही बिघडत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. सहावीतली मुलगी आज शाळेतल्या क्षुल्लक गोष्टी सांगते, त्या ऐकल्या गेल्या तरच ती नववी-दहावीत महत्त्वाच्या गोष्टी सांगायला तुमच्याकडे येईल.

आता तुमच्या पतींच्या ‘नाटक’ या शब्दाकडे येते, कारण त्यामागे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो अनेक घरांत असतो. घरच्या माणसांचे कसले आभार मानायचे, आभार परक्यांचे मानतात, असे आपल्याकडे मनापासून मानणारे लोक आहेत आणि मला त्यांचे म्हणणे चुकीचे वाटत नाही. आपल्या घरांत माया निराळ्या वाक्यांतून येते. “जेवलास का?”, “छत्री घेतलीस का?”, “पोचलीस की फोन कर.” २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या थांबल्या, फोन लागेनासे झाले आणि असंख्य मुंबईकर रात्रभर ऑफिसांत, स्टेशनांवर, अनोळखी लोकांच्या घरी अडकून पडले. त्या दिवसाच्या आठवणी सांगणारी माणसे आजही कोणाचा निरोप कधी आला ते नेमके सांगतात. “मी ठीक आहे, काळजी करू नका,” एवढ्याच निरोपाची घरोघरी वाट पाहिली जात होती. तेव्हा मायेचे शब्द आपल्या भाषेत, आपल्या घरात नाहीत असे कोणी म्हणू नये. अडचण अशी होते की हीच वाक्ये रोजच्या सवयीने कोरडी होतात. “जेवलास का?” विचारून उत्तराची वाट न पाहता आपण दुसऱ्या खोलीत जातो. तुम्हाला ‘थँक्यू’ अवघड जात असेल, तर ते म्हणूच नका. जे वाक्य तुमच्या घरात आधीपासून आहे, ते थांबून, समोर बघून, उत्तर ऐकून घेत म्हणा.

तसेच, पहिल्या प्रयत्नाला ओशाळवाणे वाटणे हे काही चुकल्याचे लक्षण नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आपल्या माणसांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला सांगितली होती. पत्र वाचणाऱ्याला किती अवघडल्यासारखे होईल, याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला आणि त्याला किती आनंद होईल, याचा अंदाज कमी निघाला. आपण याच चुकीच्या अंदाजापायी कितीतरी वाक्ये गिळून टाकतो.

या ठिकाणी मला तुम्हालाच एक प्रश्न विचारावासा वाटतो. तुम्ही ‘थँक्यू’ म्हणालात, तेव्हा खोलीत सासूबाई किंवा मुलगी होती का? मुंबईतल्या घरांची ही फार मोठी अडचण आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. वन बीएचकेमध्ये नवरा-बायकोने एकमेकांना म्हटलेले प्रत्येक वाक्य आणखी दोन-तीन जणांच्या कानावर पडते. चारचौघांत बायकोने केलेले कौतुक काही पुरुषांना खरोखर झेपत नाही, विशेषतः आई समोर असेल तर. ते चेष्टेवारी नेतात आणि त्या चेष्टेने बोलणारी दुखावते. अशा घरांतल्या जोडप्यांना मी बोलण्याची जागा बदलायला सांगते. रात्री कचरा टाकायला दोघांनी मिळून खाली जावे, रविवारी भाजीला एकत्र जावे, स्टेशनपर्यंत सोबत चालावे. तेही जमत नसेल, तर दुपारी एक ओळ लिहून पाठवावी. समोरासमोर ज्याला बोलता येत नाही असा माणूस कधीकधी व्हॉट्सअॅपवर दोन ओळी मोकळेपणाने लिहितो. मात्र आलेले सुविचार आणि फुलांची चित्रे पुढे पाठवणे यात मोडत नाही. ओळ तुमची हवी, त्या दिवसाची हवी.

तक्रार कशी करावी, हाही याच विषयाचा भाग आहे, कारण मायेने बोलणे म्हणजे तक्रार गिळणे नव्हे. गॉटमन यांनी सिबिल कॅरेर यांच्यासोबत १२४ नवविवाहित जोडप्यांवर केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वादाच्या पहिल्या तीन मिनिटांतल्या बोलण्यावरून पुढे कोणती जोडपी विभक्त होतील याचा बऱ्याच अंशी अंदाज बांधता आला. सुरुवात टोचून झाली की शेवट क्वचितच बरा होतो. “तू कधीच मुलीचा अभ्यास घेत नाहीस,” असे म्हटले की ऐकणाऱ्याला अभ्यास ऐकूच येत नाही. त्याच्या डोक्यात ‘कधीच’ला खोडून काढणारे प्रसंग गोळा होऊ लागतात. “या आठवड्यात मी फार थकले आहे. दोन दिवस तिचं गणित तू घेशील का?” या वाक्यात दोष नाही, मागणी स्पष्ट आहे आणि ती पुरी करता येण्याजोगी आहे. गॉटमन यांच्याच निरीक्षणानुसार टिकून राहिलेल्या जोडप्यांच्या वादातसुद्धा एका कडवट क्षणामागे साधारण पाच बरे क्षण असतात. मी हा आकडा कोणाला मोजायला लावत नाही. वाद चालू असतानाही एखादे “हे तुझं बरोबर आहे”, एखादे “थांब, पाणी पी आधी” येऊ शकते, एवढे त्यातून घ्यावे. आवाज चढण्यापेक्षा मला तुच्छतेची अधिक धास्ती वाटते. डोळे फिरवणे, नक्कल करणे, “तुझ्या माहेरी हेच शिकवलं का” म्हणणे, यांनी झालेली जखम नंतरच्या कोणत्याही गोड शब्दाने लवकर भरत नाही.

माफीविषयी थोडक्यात सांगते. “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी,” ही माफी नव्हे, कारण तिच्यात दोष ऐकणाऱ्याच्या वाटण्यावर ढकललेला असतो. “काल पाहुण्यांसमोर मी तुझ्यावर ओरडले, ते चुकलं माझं,” एवढे म्हणून थांबावे. त्यापुढे कारणांची पुरवणी जोडू नये. कारणे खरी असली, तरी ती दुसऱ्या वेळी सांगता येतात.

सासूबाईंचा उल्लेख तुम्ही एका ओळीत केला आहे, परंतु त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. म्हातारपणी माणसाशी गोड बोलणारे बरेच असतात. सल्ला विचारणारे मात्र कमी होत जातात. “आई, तुम्ही आराम करा,” हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलेले असते, पण दिवसातून पाच वेळा ऐकले की त्याचा अर्थ ‘तुमची आता गरज नाही’ असा पोहोचतो. “आई, बिरड्याला वाटण कमी पडतंय का, जरा बघता?” असे विचारण्याने त्यांचे घरातले स्थान शाबूत राहते. अर्थात हे विचारणे खरे असले पाहिजे. विचारून मग आपल्याच मनासारखे करणार असाल, तर न विचारलेले बरे. वडीलधाऱ्यांना हे लगेच कळते.

आता शब्दांच्या मर्यादा सांगितल्या नाहीत, तर माझे उत्तर अपुरे राहील. पहिली गोष्ट म्हणजे शब्द कामाची जागा घेऊ शकत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. नोकरी करून घरी येणाऱ्या स्त्रीला “तू किती करतेस गं” असे रोज कौतुकाने म्हणणारा आणि ताट उचलून न ठेवणारा नवरा तिला दिलासा देत नाही. काही काळाने ते कौतुक तिला टोचू लागते, आणि ते साहजिक आहे. आपण पाहिले आहे असे शब्दाने कळवल्यानंतर हातानेही काही उचलावे लागते. तुमच्या घरात कामाची वाटणी कशी आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. ती फार एकतर्फी असेल, तर आधी तिच्याविषयी शांतपणे बोला.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. तुमच्या घरी मारझोड नाही, परंतु हे उत्तर वाचणाऱ्या एखादीच्या घरी असेल, म्हणून स्पष्ट लिहिते. जिथे मारहाण, धमकी, पैशांची कोंडी किंवा सततचा अपमान आहे, तिथे बाईने अधिक गोड बोलावे, हा सल्ला मी कधीही देणार नाही, आणि तो देणाऱ्यांचे ऐकू नये. मारहाणीनंतर येणारे गोड शब्द, फुले आणि शपथा यांनाही भुलू नये, जोवर वागणे बदललेले दिसत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याने शारीरिक मारहाणीबरोबरच शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाचारात धरला आहे. अपमान, टिंगल, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. शब्दांचे सामर्थ्य किती, हे कायद्यानेही ओळखले आहे. अशा स्त्रियांनी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत १९८४ साली सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही आहे, आणि पोलिस यंत्रणेच्याच आवारात समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या तिथे मदतीला असतात.

तिसरी शक्यता तुमच्या पतींविषयी आहे. माणूस अबोल झाला की आपण ते नात्यावर घेतो. पण झोप लागत नाही, भूक मंदावली आहे, आधी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरलेला नाही, चिडचिड वाढली आहे, असे काही आठवडे दिसत असेल, तर ते नैराश्य असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत. नोकरीतला ताण, कर्ज, कंपनीतली कपात याबद्दल पुरुष घरी बोलत नाहीत, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

आता तुम्ही पुढे काय करावे ते सांगते. पुन्हा सुरुवात करा, पण ‘थँक्यू’पासून नको. दिवसातून एकच वाक्य, खरे आणि त्यांनी केलेल्या नेमक्या गोष्टीविषयीचे, सासूबाई आणि मुलगी जवळ नसताना म्हणा आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या कामाला लागा. परतफेडीची अपेक्षा चेहऱ्यावर दिसली, तर ते वाक्य उधारीसारखे वाटू लागते. ज्या दिवशी खरे असे काही सापडणार नाही, त्या दिवशी काही म्हणू नका. खोटे कौतुक मुलांनाही ओळखू येते. ते पुन्हा ‘नाटक’ म्हणाले, तर या वेळी गप्प होऊ नका आणि चिडूही नका. “सवय नाही म्हणून मलाही अवघडल्यासारखं होतंय. पण तू पाणी भरतोस म्हणून माझी गाडी चुकत नाही, हे खरंच आहे,” असे म्हणून विषय सोडा. त्यांनी सहज काही म्हटले, बातमी वाचून दाखवली, पावसाविषयी बोलले, तर हातातले काम क्षणभर ठेवून उत्तर द्या. तुम्हाला स्वतःला काय हवे आहे, तेही एकदा सांगा, कारण १४ वर्षांच्या सहवासाने मन वाचता येते असे आपण धरून चालतो आणि ते खरे नसते. “आल्यावर मला पाच मिनिटं काही विचारू नकोस, नुसता बस माझ्याजवळ,” ही मागणी करण्यात कमीपणा नाही.

याला दोन-तीन महिने द्या. पहिले काही आठवडे काहीच बदलल्यासारखे वाटणार नाही, आणि कदाचित एखादा बदल अशा रूपात येईल की तो तुमच्या लक्षातच येणार नाही: ते शब्दांनी उत्तर देणार नाहीत, पण तुमचा मोबाइल चार्जिंगला लावून ठेवतील किंवा पाऊस असेल तर स्टेशनवर घ्यायला येतील. ते उत्तरच समजा आणि ते पाहिल्याचे त्यांना सांगा. त्यानंतरही घरातली शांतता तशीच राहिली, तर एखाद्या प्रशिक्षित समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जावे. कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात, पण तिथवर पोहोचेपर्यंत बहुतेक जोडप्यांचे बोलणे कडवट झालेले असते. तुमच्यासारख्या टप्प्यावर आलेल्यांबरोबर काम करणे पुष्कळ सोपे जाते. ते यायला तयार नसतील, तर तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल. जाण्याआधी मात्र त्यांना सांगून जा, आणि ‘तुझ्याबद्दल तक्रार करायला चालले आहे’ असा त्यांचा समज होऊ देऊ नका. “आपल्यात बोलणं कमी झालंय, ते मला आवडत नाही, म्हणून मी विचारायला जातेय. तुला वाटलं तर पुढच्या वेळी ये,” एवढे पुरे आहे.